आकाशात अनोळखी काही दिसलं तर: मुंबईतून निरीक्षण, नोंद आणि छाननी कशी करावी

"काल रात्री साडेआठच्या सुमाराला अंधेरीहून पश्चिमेला एक मोठा केशरी गोळा दिसला. ताटाएवढा असेल. दोनेक किलोमीटर उंचावर होता. थोडा वेळ थांबला आणि एकदम गायब झाला."

रात्री आकाशात काही अनोळखी पाहिलेला माणूस साधारण असंच सांगतो. तो खोटं बोलत नसतो. त्याने काहीतरी नक्की पाहिलेलं असतं. पण छाननीला बसलं की या चार वाक्यांतून हाती फार थोडं लागतं. "साडेआठच्या सुमाराला" म्हणजे आठ वीस की आठ चाळीस? एवढ्या वेळात मुंबईच्या विमानतळावर दहा-बारा विमानं येऊन-जाऊन होतात. अंधेरी म्हणजे वर्सोव्याचा किनारा की मरोळ? ताट किती अंतरावर धरलेलं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, "गायब झाला" म्हणजे काय? विझला, मंद होत गेला, ढगात शिरला की इमारतीमागे गेला? या चार शक्यतांची उत्तरं पूर्ण वेगवेगळी निघतात.

पाहताना काय टिपायचं, लगेच काय लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या क्रमाने तपासायचं, ते पुढे दिलं आहे. दुर्बीण लागत नाही. हात, मोबाइल, कागद आणि जरा धीर पुरतो.

अंतर आणि आकार लिहू नका

दोन डोळ्यांनी अंतर ओळखण्याची आपली ताकद काहीशे मीटरांपलीकडे संपते. दिवसा आपण झाडं, इमारती, रस्ते यांच्या आधाराने अंतराचा अंदाज बांधतो. रात्रीच्या आकाशात तो आधार नसतो. २०० मीटरवरचा छोटा दिवा आणि २० किलोमीटरवरचा प्रखर झोत डोळ्याला अगदी सारखे दिसू शकतात. अंतर कळलं नाही की खरा आकार आणि खरा वेगही कळत नाही. म्हणून नोंदीत किलोमीटर, फूट, "विमानापेक्षा मोठं", "ताशी हजार किलोमीटर" असलं काहीही येऊ देऊ नका. असे आकडे नोंदीला भारदस्तपणा देतात, पण छाननी करणाऱ्याला सरळ चुकीच्या वाटेला लावतात.

खात्रीने सांगता येतात त्या गोष्टी अशा: कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती अंश वर, किती वाजता, किती सेकंद, कोणता रंग, चमक स्थिर की लुकलुकती, आणि शेवट कसा झाला.

हात हेच मोजमाप

हात पूर्ण ताणून एक डोळा मिटला की करंगळीची रुंदी साधारण १ अंश, मधली तीन बोटं ५ अंश, मूठ १० अंश आणि वीत २० अंशांच्या आसपास भरते. उंच माणसाचा हात लांब असतो तसा पंजाही मोठा असतो, त्यामुळे हे प्रमाण बहुतेकांना लागू पडतं. तरी आपला हात एकदा ताऱ्यांवर पडताळून घ्या. उन्हाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी वर असतात. त्यातले क्रतू आणि पुलह हे पुढचे दोन तारे साडेपाच अंशांहून किंचित कमी अंतरावर आहेत, तर क्रतूपासून शेपटीच्या टोकाच्या मरीचीपर्यंत २५ अंशांहून थोडं जास्त भरतं. हिवाळ्यात मृग नक्षत्र घ्या: तांबूस काक्षी ते निळसर राजन्य हे अंतर साडेअठरा अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ वीतभर. क्षितिजापासून माथ्यापर्यंत मुठीवर मूठ ठेवत गेलात की नऊ मुठी व्हायला हव्यात. आठ किंवा दहा झाल्या तर आपली मूठ किती अंशांची, ते भागाकाराने काढा आणि लक्षात ठेवा.

आता त्या "ताटाएवढ्या" गोळ्याकडे येऊ. जेवणाचं ३० सेंटिमीटरचं ताट हातभर अंतरावर धरलं तर ते २८ अंश व्यापतं. म्हणजे अख्खे सप्तर्षी झाकून वर थोडं उरेल. इतकं मोठं काही अंधेरीच्या आकाशात आलं असतं तर निम्म्या मुंबईने ते पाहिलं असतं. पूर्ण चंद्र फक्त अर्धा अंश असतो. हातभर अंतरावर धरलेल्या ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यामागे तो झाकला जातो. विश्वास बसत नसेल तर पुढच्या पौर्णिमेला करून बघा. म्हणून आकार सांगायचा तर चंद्राच्या तुलनेत सांगा: "नुसता ठिपका", "चंद्राच्या चौथाईएवढा", "चंद्राच्या दुप्पट रुंद".

उंचीच्या कोनातही सगळ्यांची एकाच बाजूला चूक होते. क्षितिजाजवळच्या वस्तू आपण जास्त उंचावर आहेत असं समजतो. "बरोबर मध्यावर, ४५ अंश" म्हणून दाखवलेला ठिपका मोजल्यावर बऱ्याचदा ३०च्या आसपास निघतो. डोळ्याने अंदाज करू नका, मुठी मोजा. जास्त अचूक हवं असेल तर कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधा, दोऱ्याला एक नट अडकवा आणि सरळ कडेवरून वस्तूकडे बघा. ९०च्या खुणेपासून दोरा जितका सरकेल तितके अंश वस्तू वर आहे.

दिशेसाठी मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण गच्चीवरचं लोखंडी रेलिंग, पाण्याच्या टाकीची शिडी, लिफ्टची खोली आणि स्लॅबमधल्या सळ्या त्याला सहज १०-२० अंश भरकटवतात. लोखंडापासून दोन मीटर लांब उभं राहून, मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून मगच वाचन घ्या. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दुरुस्ती करण्याची गरज पडत नाही. याहून खात्रीची पद्धत म्हणजे वस्तू कोणत्या इमारतीच्या कोपऱ्यावर किंवा कोणत्या खांबावर दिसली ते लक्षात ठेवणं. दुसऱ्या दिवशी नकाशावर आपल्या जागेपासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली की दिशा अंशात मिळते.

पहिलं मिनिट

घाईत बहुतेक जण मोबाइल काढून झूम करायला लागतात, आणि मोलाचे सेकंद पडद्यावरचा हलता ठिपका शोधण्यात जातात. क्रम असा ठेवा.

आधी वेळ बघा आणि मोठ्याने म्हणा. मोबाइलचं चित्रण सुरू करून तो कुठेही रोखलेला असला तरी चालेल, पण आवाज टिपला जाऊ द्या: "आठ बत्तीस, अंबरनाथ, शिवमंदिराच्या बाजूला, पांढरा ठिपका, डावीकडे सरकतोय, लुकलुकत नाही." चित्र नीट आलं नाही तरी या बोलण्याला सेकंदासह वेळ लागलेली असते. पुढे कालावधी काढायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नसतं.

मग स्थिर व्हा. भिंतीला डोकं टेकवा आणि तो प्रकाश एखाद्या इमारतीच्या कडेला किंवा विजेच्या खांबाला लावून १५-२० सेकंद बघा. काळोखातल्या एकट्या प्रकाशबिंदूकडे टक लावली की तो स्थिर असूनही सरकल्यासारखा, हेलकावे खाल्ल्यासारखा वाटतो. हे निरोगी डोळ्यांनाही होतं. कडेला लावून पाहिल्यावर जो हलत नाही, तो हललाच नव्हता. पावसाळ्यात याचा दुसरा प्रकार दिसतो: ढग पळत असतात आणि मागचा चंद्र किंवा गुरू उलट्या दिशेला धावताना भासतो. तिथेही खांबच खरं सांगतो.

काचेतून बघत असाल तर खोलीतले दिवे बंद करा आणि खिडकी उघडा. टॉवरमधल्या बंद काचांत घरातला दिवा, टीव्ही, राऊटरची हिरवी खूण हे सगळं बाहेरच्या काळोखावर उमटतं. लोकलच्या खिडकीतूनही हेच होतं.

शेजारी कुणी असेल तर हाक मारा, पण "ते बघ, तबकडी" असं म्हणू नका. "तिकडे बघ, काय दिसतंय ते नंतर सांग" एवढंच म्हणा. आणि शेवट चुकवू नका. विझण्याचा क्षण, त्याला किती सेकंद लागले, तेव्हा रंग बदलला का, हे बघायला मोबाइल खाली ठेवावा लागला तरी ठेवा. काही ऐकू आलं तर तेही वेळेसह सांगा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून दहा किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज अर्ध्या मिनिटाने येतो. "आवाज नव्हता" असं लिहिण्याआधी निदान एक मिनिट थांबा.

चित्रण करताना

पहिले दहा सेकंद झूम न करता घ्या, आणि चौकटीत इमारतीची कड, गच्चीचा कठडा, झाडाचा शेंडा असं काहीतरी स्थिर असू द्या. काळ्या पडद्यावर नाचणारा नुसता पांढरा ठिपका तपासाला काही उपयोगाचा नसतो, कारण वस्तू हलली की हात हलला हे त्यातून सांगता येत नाही. मोबाइल कठड्यावर टेकवा. दूरच्या एखाद्या दिव्यावर बोट दाबून फोकस कुलूपबंद करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा.

मोबाइल स्वतःही आकार निर्माण करतो, ते ओळखायला शिका. फोकस हुकला की ठिपक्याची गोल किंवा बहुकोनी तबकडी होते, आणि कॅमेरा फोकस शोधत राहिला तर ती तबकडी श्वास घेतल्यासारखी लहानमोठी होते. चौकटीत रस्त्यावरचा प्रखर दिवा असेल तर भिंगात त्याची प्रतिमा उमटते. ती चौकटीच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे, उलट्या बाजूला असते आणि कॅमेरा हलवला की दिव्याच्या उलट सरकते. डोळ्याला दिसलं नव्हतं, फोटोत नंतर सापडलं, अशा "वस्तूं"चा उलगडा बहुधा इथेच होतो. चित्रणातली झपझप लुकलुकही दिव्याच्या विजेच्या कंपनांमुळे असू शकते.

मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी पाठवलेली चित्रफीत दाबली जाते आणि तिच्यातली वेळेची, ठिकाणाची माहिती निघून जाते. पाठवायचीच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. संगीत, बाण, गोल काही टाकू नका.

दुसऱ्या रात्री त्याच जागी, त्याच मोबाइलने, त्याच वेळेला पुन्हा चित्रण करा. तारे रोज सुमारे चार मिनिटं आधी त्याच जागी येतात. तोच प्रकाश जवळजवळ त्याच जागी पुन्हा उभा असेल, तर तारा किंवा ग्रह म्हणून प्रश्न तिथेच सुटला. अर्ध्या तासाची ही मेहनत सगळ्यांत जास्त उत्तरं देते, आणि हीच सहसा कुणी घेत नाही.

कागदावरची नोंद

अर्ध्या तासाच्या आत लिहा. कुणाशी चर्चा करण्याआधी आणि बातम्या बघण्याआधी लिहा. दुसऱ्याचं वर्णन ऐकलं की आपली आठवण नकळत त्याच्याकडे झुकते.

नोंदीत एवढं हवं:
– तारीख. मध्यरात्रीनंतरचं असेल तर "१३ आणि १४ डिसेंबरच्या मधली रात्र, १४ तारखेचे १:१०" असं स्पष्ट. आपल्याकडे बोलताना दिवस सूर्योदयाला बदलतो, संगणकाचा मध्यरात्री, आणि "शनिवारी रात्री एक वाजता" यावरून पुरे चोवीस तास चुकतात.
– सुरुवातीची आणि शेवटची वेळ, शक्यतो सेकंदासह.
– नेमकी जागा: इमारत, मजला, कोणत्या बाजूची खिडकी. नकाशावरून अक्षांश-रेखांश.
– दिसायला लागलं तेव्हाची दिशा व उंची मुठींत. दिसेनासं झालं तेव्हाचीही.
– मार्ग: सरळ, वळता, थांबता. हाताने काढलेलं रेखाचित्र, आजूबाजूच्या इमारतींसह.
– रंग, चमक (ओळखीच्या ताऱ्याच्या किंवा शुक्राच्या तुलनेत), लुकलुक, एका सेकंदाला किती वेळा.
– ढग, धुकं, चंद्र, वारा कुठून कुठे.
– आणखी कोण होतं, तुम्ही चष्म्याशिवाय होता का, काचेतून पाहिलं का.

"यान", "तबकडी", "ड्रोन" हे शब्द नोंदीत नकोत. "प्रकाश" म्हणा. तीन दिवे त्रिकोणात दिसले असतील तर "तीन दिवे" लिहा; मधला काळा भाग सलग वस्तूचा होता हे तुम्ही पाहिलं की जुळवलं, ते वेगळ्या ओळीत लिहा. त्या मधल्या भागातून तारे दिसत होते का, हा इथला कळीचा प्रश्न आहे.

छाननी: मुंबईच्या आकाशातले नेहमीचे दावेदार

ग्रहताऱ्यांपासून सुरुवात करा. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपमध्ये तारीख, वेळ आणि मुंबई (सुमारे १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व) घाला आणि त्या दिशेला, त्या उंचीवर काय होतं ते बघा. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे कधी जात नाही, म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच सापडतो. मध्यरात्री माथ्यावर कधीच नाही. जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर दमट हवेत समुद्रावर टेकलेला शुक्र तांबूस, फुगलेला दिसतो, आणि धुरक्यात शिरला की "गायब" होतो. व्याध क्षितिजाजवळ असताना लाल-हिरवा-निळा असा चमचमतो. अगस्त्य तर मुंबईहून जास्तीत जास्त १८ अंशच वर येतो, म्हणजे जेमतेम दोन मुठी. त्यामुळे दक्षिणेला समुद्रावर तो कायम जाड हवेच्या थरातून दिसतो आणि रंग बदलतो. फेब्रुवारीतल्या संध्याकाळी दक्षिणेकडच्या "रंग बदलणाऱ्या, एका जागी घिरट्या घालणाऱ्या" दिव्याची बातमी आली तर आधी अगस्त्य तपासा.

विमानांवर मात्र जास्त वेळ द्या, कारण मुंबईत निम्म्याहून अधिक कोडी त्यांच्यापाशीच सुटतील. सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीवर वर्षातला बराच काळ विमानं पूर्वेकडून, ठाणे खाडी आणि घाटकोपरवरून उतरतात. उतरणाऱ्या विमानाचा पुढचा झोत थेट तुमच्याकडे रोखलेला असला की ते कित्येक मिनिटं जागचं हलत नाही, फक्त तेजस्वी होत जातं. घाटकोपर, विक्रोळीहून पूर्वेला बघितलं तर एकामागे एक असे तीन-चार "लटकलेले" दिवे दिसतात. विमान वळलं की झोत दुसरीकडे जातो आणि प्रखर गोळा क्षणात नाहीसा होतो. निघालेलं विमानही साधारण दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटरवर, हे झोत बंद करतं. त्या अंधेरीच्या गोळ्याचं "एकदम गायब" होणं इथे बसू शकतं. बाजूने बघितल्यास डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा आणि ठरावीक अंतराने लखलखणारा पांढरा दिवा दिसतो.

फ्लाइटरडार२४ सारख्या, विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या सेवेवर मागची वेळ लावून बघता येतं, पण फुकटात काही दिवसच मागे जाता येतं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी बघून पडद्याची प्रत ठेवा. विमान नकाशावर तुमच्या दिशेच्या रेघेवर आलं एवढं पुरेसं नाही. उंचीचा कोनही जुळवा. विमान १० किलोमीटर लांब आणि १ किलोमीटर उंच असेल तर ते जेमतेम ६ अंशांवर दिसायला हवं. तुमची नोंद ४० अंशांची असेल तर हे ते विमान नव्हे. शिवाय सैन्यदलांची विमानं आणि काही हेलिकॉप्टरं तिथे दिसत नाहीत. जुहूहून समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे हेलिकॉप्टरं जातात, कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही वाहतूक सुरू झाली. पनवेल, उलवे, उरण भागात "पूर्वी इथे असं काही दिसत नव्हतं" या वाक्यामागे ही नवी वाट असू शकते.

उपग्रह ओळखायला सोपे. ते लुकलुकत नाहीत, आवाज करत नाहीत, सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयाआधीच्या दोनेक तासांत दिसतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून चार ते सहा मिनिटांत आकाश पार करतं. माथ्याजवळ ते सेकंदाला एक अंश सरकतं, म्हणजे मुठीएवढं अंतर दहा सेकंदांत. ते नेहमी पश्चिमेच्या बाजूने पूर्वेच्या बाजूला जातं. उलट दिशेने गेलेलं काही असेल तर स्थानक लगेच खोडा. संध्याकाळी पूर्वेला जाता जाता ते पृथ्वीच्या सावलीत शिरतं आणि निरभ्र आकाशात, वाटेतच मंद होत विझतं. स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यावर पहिले काही दिवस मण्यांच्या माळेसारखे एका रांगेत जातात. पाहणाऱ्याला ते हमखास थक्क करतात. दोन्हींच्या वेळा हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर मागच्या तारखेलाही बघता येतात, मात्र ठिकाण मुंबई निवडलंय ना याची खात्री करा. वेळ जागतिक घड्याळात दिलेली असेल तर साडेपाच तास मिळवा, आणि त्यात तारीख बदलते का ते बघा.

उल्का सेकंदाच्या भागात संपते, मोठी असली तर काही सेकंद टिकते. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या मिथुन उल्कावर्षावात मुंबईतूनही ठळक उल्का दिसतात. ऑगस्टमधला ययाति वर्षाव ढगांत जातो. पण जे अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ, तुकडे होत, जवळजवळ आडवं सरकत जातं, ते बहुधा परत येणारं रॉकेट किंवा उपग्रह असतो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशात लाखो लोकांनी पाहिलेली जळती रांग ही चिनी चांग झेंग-३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याची होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. त्या रात्री तिला उल्का, क्षेपणास्त्र, पेटलेलं विमान अशी सगळी नावं मिळाली.

जवळच्या वस्तूंमध्ये उडते कंदील पहिले. केशरी, थरथरता उजेड, वाऱ्याबरोबर संथ गती, पाच-दहा मिनिटांत मंद होऊन विझणं, अनेक असले तर सगळे एकाच दिशेला. मुंबई पोलीस दिवाळीच्या सुमारास त्यांच्यावर बंदीचे आदेश काढत आले आहेत, तरी ते दिसतात. इथे वाऱ्याची नोंद कामाला येते: हिवाळ्यात संध्याकाळी अजून खारे वारे असताना कंदील जमिनीकडे सरकेल, उत्तररात्री मतलई वाऱ्यात समुद्राकडे. वाऱ्याविरुद्ध गेलेला कंदील नसतो. ड्रोन वाऱ्याला जुमानत नाही, थांबतो, कोनात वळतो. मात्र साध्या ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास संपते, तेव्हा दोन तास घिरट्या घालणारा दिवा ड्रोन ठरवण्याआधी शुक्र आठवा. संक्रांतीच्या दिवसांत दिवे लावलेले पतंगही उडतात.

नोव्हेंबर ते मेमध्ये ठाणे खाडीत रोहित पक्षी असतात आणि ते रात्रीही थवे करून उडतात. शहराचा उजेड खालून पडला की फिकट, निःशब्द, बाणाच्या टोकासारखी रांग सरकताना दिसते आणि तिची कड हळूहळू आकार बदलते. ऐरोली, भांडुप, शिवडी, नेरूळ इथून आलेल्या "आवाज नसलेल्या त्रिकोणा"ला आधी ही शक्यता लावा. आकार बदलला का, हा प्रश्न साक्षीदाराला आवर्जून विचारा.

ढगाळ रात्री गोल फिरणारे, पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारे फिकट डाग म्हणजे मंडपातल्या किंवा लग्नाच्या हॉलवरच्या झोतांचे ठसे. गणपतीत हे वाढतं. धुरकट रात्री उंच टॉवर आणि क्रेन दिसेनाशा होतात आणि त्यांच्या माथ्यावरचे लाल दिवे तेवढे हवेत उभे राहतात. वरळी-लोअर परळकडे हे नेहमीचं. किनाऱ्यावरून क्षितिजाची रेघ दिसत नसेल तर नांगरलेल्या जहाजांचे आणि मासेमारी होड्यांचे दिवे आकाशात असल्यासारखे वाटतात. दक्षिणेला ठरावीक लयीत लुकलुकणारा दिवा दीपगृहाचा आहे का, ते झोत मोजून बघा.

हवामान खात्याचा फुगा सांताक्रूझहून रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सुटतो. ३० किलोमीटरच्या आसपास पोचला की खाली काळोख पडल्यावरही वर त्याच्यावर ऊन असतं.

दोन ठिकाणांहून पाहिलं असेल तर

हे जमलं तर अंतराचा प्रश्न खरोखर सुटतो. कुलाबा आणि बोरिवली यांच्यात सुमारे ३५ किलोमीटर आहेत. माथ्यावरचा ४०० किलोमीटरवरचा उपग्रह दोन्हीकडून ताऱ्यांच्या तुलनेत ५ अंशांनी, म्हणजे तीन बोटांएवढा, सरकलेला दिसेल. ९० किलोमीटरवरची उल्का २० अंशांनी, वीतभर. कंदील किंवा ड्रोन दुसऱ्या ठिकाणाहून दिसणारच नाही. म्हणून दुसऱ्या टोकाच्या साक्षीदाराला "मला दिसलं नाही" म्हटल्यावर सोडू नका. तो त्या वेळी त्याच दिशेला, मोकळ्या आकाशाकडे बघत होता का, ते विचारून लिहा. नीट पाहूनही न दिसणं ही भक्कम माहिती आहे.

दुसऱ्याची साक्ष घेताना

साक्षीदारांना वेगवेगळं भेटा. पहिला प्रश्न एकच: "काय पाहिलंत ते सुरुवातीपासून सांगा." मध्ये तोडू नका. मग त्याच जागी, शक्यतो त्याच वेळेला, घेऊन जा. हात ताणून दिशा दाखवायला सांगा आणि तुम्ही कोन मोजा. कालावधी विचारू नका, करवून घ्या: "आता दिसायला लागलं असं समजा, तेव्हा केलंत ते सगळं पुन्हा करा, संपलं की थांबा." हातात घड्याळ धरा. "पाच मिनिटं" बऱ्याचदा चाळीस सेकंदांची निघतात.

"त्याला खिडक्या होत्या का?" असा प्रश्न कधीही विचारू नका. ३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएत झोंड-४ या अवकाशयानाच्या प्रक्षेपणातल्या रॉकेटचे अवशेष अमेरिकेच्या अनेक राज्यांवरून जळत गेले. पाहणाऱ्यांपैकी काहींनी ओळीने उजळलेल्या खिडक्या असलेलं लांबट यान वर्णन केलं. ती चांगली, शहाणी माणसं होती. वेगवेगळ्या जळत्या ठिपक्यांना त्यांच्या मेंदूने एका सांगाड्यात बसवलं. हे कुणाच्याही बाबतीत घडतं, म्हणून साक्षीदाराचा अपमान होईल असं काही बोलू नका. त्याचं नाव-पत्ता त्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

शेरा कसा द्यावा

फ्रान्सच्या राष्ट्रीय अवकाश संस्थेत १९७७ पासून अशा साक्षी तपासणारा विभाग आहे. त्यांची चार गटांची पद्धत आपल्यालाही उत्तम चालते. अ: ओळख पटली, पुरावा आहे. ब: बहुधा ओळख पटली, पण एखादा दुवा कमी. क: माहिती अपुरी, ठरवता येत नाही. ड: माहिती पुरेशी आणि चांगली, सगळे दावेदार तपासले, तरी ओळख पटली नाही.

क आणि ड यांची गल्लत हा या विषयातला सगळ्यांत मोठा घोटाळा आहे. वेळ, दिशा, कोन यांतलं काही नसेल तर प्रकरण कितीही थरारक असो, ते क मध्येच जातं. अमेरिकी हवाई दलाच्या, अशाच नोंदी तपासणाऱ्या ब्लू बुक प्रकल्पाच्या हिशेबात १९४७ ते १९६९ या काळातल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनोळखी राहिल्या. ड शेरा देण्याआधी कोणकोणत्या शक्यता, कोणत्या साधनाने, कोणत्या तारखेला तपासल्या ते नोंदीखाली लिहा, म्हणजे पुढे कुणाला नवीन माहिती मिळाली तर तिथूनच पुढे जाता येईल. आणि ड म्हणजे परग्रहावरचं असं नव्हे, तसंच ड म्हणजे काहीच नव्हतं असंही नव्हे. कुठलीही बाजू आपल्या पदरची जोडू नका.

ताऱ्यांची सवय नसेल तर आधी ती करून घ्या. वरळीच्या नेहरू तारांगणात सुरुवात करता येते, आणि मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढे वांगणीला हौशी मंडळींचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम होतात. अशी एक पूर्ण रात्र काढली की विमान, उपग्रह आणि ग्रह यांतला फरक डोळ्यात बसतो.

नोंद बाजूला ठेवून आधी फोन

समुद्रावर लाल, प्रखर, हळूहळू खाली उतरणारा एकच प्रकाश दिसला तर तो संकटातल्या बोटीचा इशारा असू शकतो. पॅराशूटवरचा लाल बाण ३०० मीटरपर्यंत चढतो आणि निदान ४० सेकंद जळतो. हातात धरायचा लाल दिवा मिनिटभर जळतो. दिशा खांबाला लावून ठेवा आणि तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर लगेच कळवा. चुकीचा निघाला तरी चालेल.

विमानतळाच्या किंवा उतरणाऱ्या विमानांच्या वाटेवर ड्रोन किंवा कंदील दिसला, किंवा विमानाकडे लेझर रोखलेला दिसला, तर ११२.

आकाशातून काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचे अंश असू शकतात आणि धातूच्या कडा फाटलेल्या, धारदार असतात. वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून लांबून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी किंवा काठी ठेवता येत नसेल तर तुमच्या पावलांनी अंतर मोजा, आणि पोलीस किंवा तलाठ्याला कळवून ते येईपर्यंत जागा तशीच राहू द्या.